अग्निबाणांच्या अपघातांची चौकशी कोणी करावी?

परतूर स्थानकावरून जाणारा लोहमार्ग जालना, बदनापूर व करमाड ओलांडून छत्रपती संभाजीनगरकडे जातो. याच मार्गावर करमाडनजीक ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत गावाकडे पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्या दुर्घटनेची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे सोपविण्यात आली. हे आयुक्त रेल्वे मंडळाच्या आज्ञेत नाहीत; त्यांचे खाते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जो गाड्या चालवितो त्यानेच त्यांच्या अपघाताचा निवाडा करू नये, या तत्त्वावर १९४१ मध्ये हे खाते रेल्वे मंडळापासून तोडण्यात आले. परतूरच्या फलाटावरील साध्या उतारूला लाभलेले हे संरक्षण अग्निबाणांच्या बाबतीत मात्र या देशात कोणासही नाही.

अग्निबाणांशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या सायंकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून कोसळले. ते चिनी अग्निबाणाचे असावे, असा तज्ज्ञांचा कयास होता. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु सुदैव ही काही सुरक्षिततेची व्यवस्था नव्हे.

आपल्या अवकाश संशोधन संस्थेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तथापि २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोटा येथे घन इंधनाच्या कारखान्यात आग लागून ६ जणांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही. १८ मे २०२५ रोजी ध्रुवीय अग्निबाणाची मोहीम तिसऱ्या टप्प्यातील बिघाडाने फसली, तेव्हाही चौकशी समिती नेमली गेली ती संस्थेच्याच पुढाकाराने. समितीतील तज्ज्ञांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु न्यायाधीश कितीही सज्जन असला, तरी आपल्याच घरच्या खटल्यात त्याने न्यायासनावर बसू नये.

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या चौकशीच्या अध्यक्षपदी निवृत्त नौदल अधिकारी हॅरोल्ड गेहमन होते. इंधन टाकीवरून निखळलेल्या फेसाच्या तुकड्याने यानाचा पंख भेदला, एवढे सांगून त्यांचे मंडळ थांबले नाही. धोक्याच्या सूचनांकडे डोळेझाक करण्याची 'नासा'ची कार्यपद्धतीही अपघातास तितकीच कारणीभूत आहे, असे त्याने ऑगस्ट २००३ च्या अहवालात निक्षून सांगितले. घरच्या माणसास हे सांगणे किती जड गेले असते!

यावर दोन आक्षेप येतील. अग्निबाणाचे शास्त्र संस्थेबाहेर कोणास कळते, हा पहिला; आणि यात देशरक्षणाची गुपिते आहेत, हा दुसरा. संस्थेच्या तज्ज्ञांनी साक्ष द्यावी, माहिती पुरवावी; निष्कर्ष मात्र इतरांनी काढावेत. जे खरोखर गुप्त आहे ते खुशाल वगळावे; पण गुप्ततेच्या पांघरुणाखाली चुका झाकल्या जाऊ नयेत. शिवाय अशा चौकशीचा हेतू कोणास सुळावर देण्याचा नसून तीच चूक पुन्हा न घडू देण्याचा असतो.

२०२० पासून अवकाशक्षेत्राचे दरवाजे खासगी उद्योगांस खुले झाले आहेत, आणि 'गगनयान' मोहिमेतून भारतीय माणसे भारतीय अग्निबाणावर बसून जावीत, हा राष्ट्राचा संकल्प आहे. म्हणून संसदेने कायद्याने एक कायम चौकशी मंडळ स्थापावे. ते अवकाश खात्याच्या अधिकाराबाहेर असावे, आणि त्याचे अहवाल ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवले जावेत. ही व्यवस्था अपघातानंतर घाईघाईने उभारावयाची नसते. ती आधीच सिद्ध असावी लागते. उतारूच्या जिवास जे मोल रेल्वेने दिले, तेच मोल अंतराळवीराच्या, कारखान्यातील कामगाराच्या आणि लाडबोरीच्या शेतकऱ्याच्या जिवासही मिळाले पाहिजे.