मुकं केलेलं यंत्र

आमच्या घरात कपडे वाळवायचं विजेवरचं यंत्र आहे, हे मी शिरड शहापूरमध्ये फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणूस आधी वर आभाळाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. त्यात त्याचं काही चुकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे येऊन बघा, जिथे जागा सापडेल तिथे शिजवलेली हळद ऊन खात पसरलेली असते. तीही दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस. ज्या गावाचं वर्षाचं अर्थकारण ऊन फुकटात वाळवून देतं, त्या गावात एका पोराने दुपटी वाळवायला 26 हजारांचं मशीन आणावं, ही गोष्ट पारावर आठवडाभर पुरते.

पण जुलै महिना होता. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पावसाने चार दिवस डोकं वर काढू दिलं नव्हतं. लंगोट, दुपटी, झबली घरभर दोऱ्यांवर लटकत होती आणि सगळ्यांना एकच कुबट वास होता. आजीची पद्धत वेगळी होती. शेगडीत विस्तव, त्यावर पालथी टोपली आणि टोपलीवर कपडे. एक दुपटं करपलं तेव्हा मी घरून काम करणाऱ्या माणसाच्या उत्साहाने ड्रायर मागवला. आजी म्हणाली, "कपडे वाळवायला बी लाईट लागती का रे बाबा आता?" पहिलं गरम गरम दुपटं हातात आल्यावर मात्र ती काही बोलली नाही. तिने ते गालाला लावून बघितलं.

पाच आठवड्यांनी मशीन गरम व्हायचं थांबलं. ढोल फिरत होता, पंखा फिरत होता, घड्याळ उलटं मोजत होतं आणि तासाभराने कपडे होते तसेच ओले बाहेर येत होते. पॅनलवर पान्याच्या चित्राचा एक लाल दिवा लुकलुकत होता. माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ एका वाक्यात दिला होता: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

संपर्क साधला. नवव्या दिवशी नांदेडहून एक तरुण आला. मागचं झाकण न उघडताच त्याने निदान केलं, "सर, हीटर असेंब्ली गेलीय. पूर्ण बदलावी लागेल." 6800 रुपये. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने बिघडलं असेल तर ते वॉरंटीत बसत नाही. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'बदला' एवढाच पर्याय होता, हे मी स्वतः बघितलं. दुरुस्तीवाला म्हणून पाठवलेल्या माणसाच्या हातात मल्टिमीटरसुद्धा नव्हता, राग आहे तो याचा.

आता माझ्याविषयी. मी इंजिनिअर आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये मेल-फिमेल फिटिंगचा जॉब करायचा असतो. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी तो तयारच विकत घेतला होता आणि त्या निम्म्यांत मी होतो. चार वर्षांत मी एकही यंत्र उघडलं नाही आणि तरी प्रथम श्रेणीत पास झालो. तेव्हा ड्रायर मी दुरुस्त केला, असं काही पुढे येणार नाही.

दुरुस्त केला वसमत रस्त्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मामांनी. त्यांचं आयुष्य विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत गेलं. रब्बीत दाब कमी असतो, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि दुकानासमोर मोटारींची रांग लागते. त्यांच्याकडे एक कळकट वही आहे. जी मोटार उघडली तिची कंपनी, हॉर्सपॉवर, तारेचा गेज, प्रत्येक कॉइलचे वेढे असं सगळं तिच्यात. हा तक्ता त्यांना कुठल्या कंपनीने दिलेला नाही. जळकी कॉइल कापायची, वेढे मोजायचे आणि लिहून ठेवायचं. तीस वर्षांत असं एक ग्रंथालय तयार झालं, ज्याची एकच प्रत आहे आणि तिला ग्रीस लागलेलं आहे.

मामांनी ड्रायर आयुष्यात पहिल्यांदा बघितला. "हे तर आपल्या हळदीच्या पॉलिशच्या ढोलासारखंच की," म्हणाले आणि प्लग काढून मागचे स्क्रू खोलायला घेतले. हीटरच्या एका टोकाची वायर काढून मोजलं (वायर जोडलेली ठेवून मोजलं तर वीज दुसऱ्या वाटेने फिरते आणि मीटर खोटं सांगतो, हे मला तिथे कळलं). 26 ओहम. 2000 वॉटच्या हीटरला 230 व्होल्टवर एवढाच रोध असायला हवा. हे गणित मी खिशातल्या मोबाइलवर करून दाखवलं आणि तेवढंच माझं योगदान. "मंग हीटर तर जित्ता आहे, इंजिनेर साहेब. मधीच काईतरी उडालंय." मधे, हीटरच्या पत्र्याला चिकटून, बोटाच्या पेराएवढा एक थर्मल फ्यूज होता. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो एकदाच आणि कायमचा तुटतो. नवा मला 40 रुपयांना मिळाला.

तो उगाच तुटत नाही. का तुटला, हे शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही तुटणार. मामांनी गरम हवा बाहेर सोडणारी नळी तपासली. तिच्या खिडकीबाहेरच्या तोंडाला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाली-उंदीर आत येऊ नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता. कपड्यांतून सुटणारा तंतूंचा भुसा त्यावर साचून नमदा झाला होता. हवा तुंबली, हीटर तापला आणि फ्यूजने आपलं काम केलं. चूक आमची होती. 6800 रुपयांची असेंब्ली बसवली असती तरी मच्छरदाणी तिथेच राहिली असती आणि महिन्या-दीड महिन्याने आम्ही पुन्हा तो लाल दिवा बघत बसलो असतो.

आणि तो दिवा नुसता लुकलुकत नव्हता, तो मोजून लुकलुकत होता. सात वेळा, मग थांबा, पुन्हा सात वेळा. याच रचनेच्या, दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल मला नंतर सापडलं. सात म्हणजे हीटरचं सर्किट तुटलंय. आधी हवेचा मार्ग बघा, मग थर्मल फ्यूज तपासा. यंत्राला माहीत होतं. नऊ दिवस ते घसा फोडून सांगत होतं, पण ज्या भाषेत सांगत होतं तिचा शब्दकोश आमच्यापासून लपवून ठेवला होता.

हे लपवणं कसं घडतं ते मला माहीत आहे, कारण ते मी स्वतः केलंय. दोन वर्षांपूर्वी घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका क्लायंटसाठी आम्ही ॲप लिहिलं. उपकरणाकडून चाळीसेक प्रकारच्या बिघाडांचे संकेत येत. कोणता सेन्सर, कोणता भाग, कितव्या मिनिटाला, सगळं. ग्राहकाला काय दाखवायचं? ठरलं की चाळीसही संकेतांना एकच वाक्य. ते वाक्य तुम्ही ओळखलं असेलच. तो फंक्शन मी लिहिला, सहा ओळींचा. कोड रिव्ह्यूमध्ये 'स्वच्छ' म्हणून त्याचं कौतुकही झालं.

कंपन्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: सुरक्षितता. ही दोन हजार वॉटची वस्तू आहे, गल्लीतल्या मेकॅनिकने हात घातला तर आग लागेल. या युक्तिवादाला मी हसून उडवणार नाही, कारण आग खरंच लागते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळासाठी काढलेला अंदाज असा, की तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2900 आगी लागतात, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे सफाई न करणं. म्हणजे आमची मच्छरदाणीच. त्यातलं ज्ञान झाकणाआड ठेवल्याने या आगी कमी कशा होतात, ते मला कुणी समजावून सांगावं.

'फक्त अधिकृत हात' म्हणजे सुरक्षितता, असं मानणाऱ्यांनी ब्रिटनमधलं प्रकरण वाचावं. 2015 साली व्हर्लपूलने जाहीर केलं की हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांनी 2004 पासून विकलेल्या त्यांच्या काही ड्रायरमध्ये हीटरवर तंतू पडून आग लागू शकते. लाखो मशीनं होती. कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करेल, तोवर वापरा पण लक्ष ठेवा, असा सल्ला दिला गेला. लोक महिनोन्महिने वाट बघत राहिले. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत अशाच एका ड्रायरने पेट घेतला. प्लग काढूनच ठेवा, असा सल्ला यायला 2017 उजाडलं आणि उरलेली मशीनं परत घ्यायला 2019. गल्लीतल्या मेकॅनिकचा या सगळ्यात कुठे संबंध आला?

आता माझ्याच बाजूचं एक गैरसोयीचं सत्य. फ्यूज उडालेला सापडल्यावर मामा पहिलं वाक्य काय बोलले? "डायरेक्ट करून देऊ का?" म्हणजे फ्यूज काढून वायरला वायर जोडायची. मशीन तापलं असतं, ताईचे कपडे संध्याकाळी वाळले असते आणि मशीनमधला शेवटचा पहारेकरी गेला असता. आपल्याकडे जुगाडाचं जे कौतुक चालतं, त्याच्या पोटात अशी किती डायरेक्ट केलेली सर्किटं असतील याची मोजदाद नाही. मी नको म्हणालो. मामा लगेच म्हणाले, "बराबर आहे. पण सामान द्या मंग."

या चार शब्दांपुढे सुरक्षिततेचा सगळा युक्तिवाद कोसळतो. मामांना डायरेक्ट करायची हौस नाही. त्यांना तो भाग कुणी विकत नाही. वसमतला नाही, नांदेडला नाही. कंपनी तो सुटा देतच नाही, असेंब्लीसोबतच देते. आधी माणसाला योग्य वस्तू मिळू द्यायची नाही आणि मग तो अयोग्य वस्तू लावतो म्हणून बोट दाखवायचं. फ्यूजच्या अंगावर तापमान आणि अँपिअर छापलेले होते म्हणून मी तंतोतंत त्याच मापाचा ऑनलाइन मागवू शकलो. पाच दिवसांनी आला. ते दोन आकडे खोडलेले असते तर माझाही मोह डायरेक्टकडेच गेला असता.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून 14 मोटार कंपन्यांना 2544 कोटींचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. जुलै 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा हक्क असा वेगळा लिहिलेला नाही. मे 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यतेचे गुण देण्याविषयीचा अहवाल आला, सुरुवात मोबाइल-टॅब्लेटपासून. फ्रान्समध्ये असे गुण 2021 पासून वस्तूसोबत दाखवले जातात. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाच्या यादीत तर कपडे वाळवायची यंत्रंही आहेत.

या सगळ्या चर्चेत दुरुस्तीचा हक्क हा ग्राहकाचे पैसे वाचवण्याचा मुद्दा होतो, आणि माझी तक्रार तिथे आहे. पुण्यात असतो तर मीही 6800 भरून, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. गावात प्रश्न अंतराचा आहे. अधिकृत माणूस नवव्या दिवशी येतो. हळद शिजवायचा कुकर फेब्रुवारीत गळला तर नऊ दिवस कोण थांबणार? कुणी थांबत नाही, कारण तो कुकर वेल्डिंगवाल्याला आरपार समजतो. संध्याकाळी आमच्याकडे दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो. तेव्हा 2000 वॉटचा हीटर जेमतेम 1200 वॉट देतो. हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस वसमत रस्त्यावर बसतो, कॉल सेंटरमध्ये नाही. आमच्याच तालुक्यात, औंढ्याजवळ, 2600 कोटींची लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजांमध्ये प्रोटॉनहूनही बारीक फरक ती मोजणार. अभिमान वाटतो. पण ती चालवायला जे हात लागतील ते या भागातून यावेत असं कुणाला वाटत असेल, तर 'झाकण उघडू नका' हे स्टिकर वाचत मोठी झालेली पोरं काय कामाची?

मला हवं आहे ते फार नाही. पूर्वी रेडिओच्या, पंपाच्या स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. तो परत हवा आहे. लुकलुकण्याचा अर्थ ग्राहकाला दिलेल्या पुस्तिकेत हवा आहे, माझ्या भाषेत. आणि 40 रुपयांचा फ्यूज 40 रुपयांना सुटा मिळावा.

ड्रायर आता नीट चालतो. मच्छरदाणीच्या जागी मोठ्या भोकांची जाळी आहे आणि अण्णा दर रविवारी ती झटकतात. सर्किटची आकृती मी काढून मागच्या पत्र्याच्या आत चिकटवली; मामांनी ती वहीत उतरवून घेतली, विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीखाली.

त्या सहा ओळी बदलाव्यात, चाळीस संकेत ग्राहकाला दिसावेत, असा प्रस्ताव मी गेल्या महिन्यात टीमच्या बैठकीत मांडला. क्लायंटच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, खेड्यातला ग्राहक आपल्या डोळ्यांसमोर नाहीच. माझा कॅमेरा बंद होता. माइक चालू होता. मागून कसला आवाज येतोय, असं त्याने विचारलं. "ड्रायर आहे," मी म्हणालो.