काचेच्या भिंती आणि झडपेची दोरी

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या, भर उन्हाळ्यातही रात्र चढत गेली की हवा निवत जाणाऱ्या, बेंगळुरूलगतच्या आनेकलसारख्या तालुक्यात काचेच्या अखंड भिंतींच्या इमारती उभाराव्यात, त्यांच्या खिडक्या कायमच्या बंद कराव्यात आणि मग आतल्या माणसांना गुदमरू नये म्हणून बाराही महिने यंत्रे चालवावीत, हा आपल्या नव्या समृद्धीचा एक चमत्कारिक प्रकार आहे. होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक्स सिटी ओलांडून बोम्मसंद्र, चंदापूर, अत्तिबेलेकडे जाणाऱ्याला तो दुतर्फा दिसतो. पुण्याच्या हिंजवडीतला देखावा याहून निराळा नाही, परंतु हिंजवडीला निदान उन्हाळ्याची सबब तरी सांगता येते. या काचघरांवर अलीकडे सुचविला जाणारा उपाय म्हणजे आपोआप उघडमीट करणारे पडदे व झडपा: उन्हाची, पावसाची, वाऱ्याची आणि खोलीतील कोंदटपणाची खबर ठेवणारे सेन्सर बसवावयाचे आणि त्यांच्या हुकमाने लहानशा मोटारींनी पडदे सोडावयाचे, तावदाने उघडावयाची. उपाय चांगला आहे आणि त्याची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तक्रार एवढीच, की इमारत चुकवून झाल्यावर तो आठवतो.

आनेकल सुमारे पावणेतेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येथे सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. मधल्या जवळजवळ चार महिन्यांत तो दुपारी उत्तरेकडे कललेला असतो, आणि उरलेल्या वर्षात दक्षिणेकडे. पुण्याला हेच दिवस मेच्या मध्यास व जुलैअखेर येतात, म्हणून पुण्यात शिकलेल्या वास्तुरचनाकाराने तिकडचा नकाशा उचलून इकडे लावला तर उत्तरेच्या भिंतीवरील ऊन त्याच्या हिशेबातून निसटते. तथापि उत्तर व दक्षिण या दोन्ही बाजूंचे ऊन उंचावरून येत असल्याने पुरेसा लांब, अचल छज्जा त्यांचा बंदोबस्त करू शकतो. त्याला मोटारही नको आणि सेन्सरही नको. खरा उपद्रव पूर्वपश्चिमेचा. सकाळचे व तिसऱ्या प्रहराचे तिरपे ऊन कोणत्याही छज्ज्याखालून सरळ आत शिरते, आणि तेथे हलती झडप अपरिहार्य होते. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेची रास्त जागा हीच, एवढीच. चारही दिशांना काच लावून चारही दिशांना मोटारी बसविणे ही उधळपट्टी होय.

त्यातही ही झडप काचेच्या बाहेर हवी. काचेतून ऊन एकदा आत आले की आतल्या पडद्यावर पडून त्याची उष्णता खोलीतच राहते, आणि असा पडदा म्हणजे भिजून झाल्यावर उघडलेली छत्री. बाहेरची झडप मात्र ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविते. पण बाहेरच्या झडपेला पाऊस, धूळ आणि वारा सोसावा लागतो, ती महाग पडते, आणि काचेचा गुळगुळीत दर्शनी भाग तिच्याने मोडतो; म्हणून आपल्याकडे पडदे आतच लागतात आणि माहितीपत्रकात त्यांना ऊर्जाबचतीचे नाव मिळते.

मग माणसाने हाताने झडप का उघडू नये, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो अगदी योग्य आहे. बेंगळुरूच्या जुन्या बंगल्यांत खिडक्यांवर व ओसरीवर लाकडी जाळीची टोपरी असत, ज्यांना तेथे आजही ‘मंकी टॉप’ म्हणतात. आणि उंच छताजवळच्या झरोक्यांची तावदाने खाली लोंबणारी दोरी ओढून उघडली जात. ही व्यवस्था उत्तम चाले, कारण घर एका कुटुंबाचे असे आणि दुपारी कोणती दोरी केव्हा ओढावयाची हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. शंभर माणसांच्या कचेरीत खिडकी कोणाचीच नसते. सकाळी नऊच्या उन्हाने कोणाच्या तरी डोळ्यांवर तिरीप आली म्हणून पडदा खाली ओढला जातो; अकरा वाजता ऊन पलीकडे सरकते, पडदा मात्र तसाच राहतो, आणि बाहेर लख्ख उजेड असताना आत सायंकाळपर्यंत दिवे जळतात. हा आळस नव्हे. सामायिक वस्तूची जबाबदारी कोणावरच नसल्याचा तो परिणाम आहे, आणि येथे यंत्राने पहारा द्यावा हे मला पूर्णपणे मान्य आहे.

परंतु यंत्राचा पहाराही कसा असतो, हे दोन इमारतींवरून पाहावे. आनेकलहून अक्षांशाने फार दूर नसलेल्या पुदुच्चेरीत, श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासाचे काम आंतोनिन रेमंड यांच्या आराखड्यानुसार 1937 साली सुरू झाले. त्याच्या उत्तर व दक्षिण या लांब बाजू पूर्णपणे आडव्या फिरत्या पट्ट्यांच्या असून त्या हाताने उघडमीट करावयाच्या आहेत. इतक्या वर्षांनंतरही ही योजना राबती आहे. याउलट पॅरिसमधील अरब जगत संस्थेच्या दक्षिण भिंतीवर, 1987 साली, ज्याँ नूव्हेल यांनी कॅमेऱ्याच्या पडद्याप्रमाणे उघडमीट करणाऱ्या, उजेडानुसार आपोआप हलणाऱ्या धातूच्या बारीक जाळ्या बसविल्या. जगभर त्यांचे कौतुक झाले, आणि पुढे त्यांतली यंत्रणा नादुरुस्त होऊन त्या बराच काळ निश्चल राहिल्या. म्हणून मोटार असलीच तर तिच्या शेजारी हाताने फिरवावयाचा दांडाही असावा, आणि सेन्सरने सोडलेला पडदा तेथे बसलेल्या माणसाला वर करता यावा.

वायुवीजनाचा मामला याहून अवघड आहे. रात्रीच्या गार हवेने भिंती व छत निववून ठेवावे आणि दिवसा तो गारवा पुरवून वापरावा, ही युक्ती या पठारावर फार उपकारक आहे, आणि रात्री कचेरीत कोणी नसल्याने तावदाने उघडण्याचे काम यंत्राकडेच जाते. पण जिगणीच्या ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यांची बारीक धूळ, हमरस्त्यावरील मालट्रकांचा गोंगाट, डास, चोरीची धास्ती आणि एप्रिल-मेमधील वळिवाची अचानक सर यांची तजवीज केल्याखेरीज हे तावदान पहिल्या महिन्यातच कुलूपबंद होईल. जाळी, गज आणि पर्जन्यसूचक यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

किती गारवा पुरे, हेही ठरले पाहिजे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय कचेऱ्यांच्या पाहणीवरून तयार झालेल्या सुखतापमानाच्या सूत्रानुसार, बाहेरची तीस दिवसांची सरासरी 28 अंश असताना, खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीतील माणसाला सुमारे 28 अंशच सुखाचे वाटतात. आमच्या बंद कचेऱ्यांत मात्र बावीस-तेवीस अंशांत शाली पांघरून बसणारी माणसे आढळतात!

केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘इको-निवास संहिते’त बेंगळुरूसारख्या समशीतोष्ण विभागातील घरांना चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के उघडता येणारी जागा ठेवण्याचे माप आहे. तसलेच माप आनेकल नियोजन प्राधिकरणाने कचेऱ्यांच्या नकाशांनाही लावावे, आणि पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता किती ऊन पडेल हे नकाशात दाखविल्याखेरीज मंजुरी देऊ नये, असे मला वाटते. बांधणारे तक्रार करतील. कारण इमारत विकून किंवा भाड्याने देऊन ते मोकळे होतात आणि विजेचे बिल भरतो तो भाडेकरू. भाडेकरू कंपन्यांनी करार करण्यापूर्वी मागील वर्षाची बिले आणि झडपांच्या देखभालीचा मक्ता पाहावयास मागितला, तर ही तक्रार बरीच सौम्य होईल.