टाका कोणता घालायचा, हे कोण ठरवणार?

आमच्या गटातल्या बायका गोधड्या शिवून विकू लागल्या, तेव्हा पहिला वाद झाला तो टाक्यावरून. घाऊक माल उचलणारा व्यापारी म्हणाला, "एवढे टाके कशाला घालता? गादीला मारतात तशा ठिकठिकाणी गाठी मारा. माल लवकर निघेल." म्हाताऱ्या बायका उसळल्या, "गाठीची कसली गं गोधडी? दोन धुण्यांत तिचं पोतेरं होईल." तरुण मुलींना मात्र गाठी पटल्या. डोळे आणि पाठ त्यांचीही दुखते.

मैत्रिणींनो, हा वाद वरवर शिवणकामाचा वाटतो. पण थोडा हिशेब करून पाहा. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी घ्या. इंचाइंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तर सुमारे ७२ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ २८८ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तरी दहा हजारांवर टाके झाले. त्याच मापाला चार-चार इंचांवर गाठी मारल्या, तर सव्वादोनशेच्या आत काम संपते.

मग गाठी मारणे म्हणजे फसवणूक का? मुळीच नाही. आत पिंजलेला कापूस भरला असेल आणि वरचे कापड नवे, घट्ट विणीचे असेल, तर गाठी उत्तम टिकतात. दोरा जाड सुती घ्यावा. गुळगुळीत नायलॉनची गाठ सुटते. सुई सगळ्या थरांतून खाली नेऊन वर काढावी, त्याच जागी पुन्हा एक टाका घ्यावा आणि उलटसुलट दुहेरी गाठ आवळावी. कापूस सरकतो, म्हणून गाठींत चार इंचांहून जास्त अंतर नको. कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे नंतर आटत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का, तेही पाहावे.

पण जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर असतील, तर म्हाताऱ्यांचेच खरे. विरलेल्या कापडावर गाठीचा सगळा ताण एका ठिकाणी येतो आणि तिथेच ते फाटते. धावदोरा तो ताण सगळीकडे वाटून देतो. आता तर घराघरांतून सुती लुगडी कमी आणि सिंथेटिक साड्याच जास्त निघतात. त्या निसरड्या असतात, घाम टिपत नाहीत. त्या आत घालून वर सुती कापड लावावे लागते.

हे सगळे ज्ञान बायकांकडे आहे. घरासाठी शिवताना कापड, दोरा, टाका त्याच ठरवत होत्या. बाजारात पाऊल ठेवताच ठरवणारा दुसराच झाला, आणि मजुरी नगावर. दहा हजार टाक्यांना आणि दोनशे गाठींना जवळपास सारखाच भाव! वर "घरबसल्या फावल्या वेळात करता ना?" हे ऐकून घ्यायचे. बाईचा वेळ फावला असतो, हे कुणी ठरवले?

घरी बसून काम करणारीही कामगारच आहे, असे मानणारा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही.

आम्ही गटात एक वही ठेवली आहे. प्रत्येक गोधडीला कापड कोणते, टाका कोणता आणि तास किती, हे तीत लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुली लिहितात. गाठीची रजई आणि टाक्याची गोधडी यांचे भाव आता वेगळे सांगतो, आणि टाका कापड पाहून शिवणारी ठरवते. व्यापारी कुरकुरतो. एकदा माल परतही नेला नाही. तरी वही बंद केलेली नाही. आपापल्या गटात अशी वही सुरू करा. भावाची बोलणी करायला बसाल तेव्हा ती समोर ठेवा.