दंडातला उंदीर

परवा आमचा पंधरा वर्षांचा भाचा आरशासमोर दंड आवळून उभा होता. "मावशी, बेटकुळी आली का गं?" मला तरी काही दिसले नाही. पण वर्गातली मुले त्याला 'काडीपैलवान' म्हणतात, म्हणून हल्ली तो अर्ध्या बाह्यांचा शर्टही घालत नाही, हे ठाऊक होते. "येतेय, येतेय," म्हटले.

आपल्या बेटकुळीत बेडूक लपला आहे. माझी हिंदीभाषक शेजारीण तिलाच मछली म्हणते. आणि हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत ती होते 'लोउ-श्यू-चाय', म्हणजे चक्क छोटा उंदीर! गंमत म्हणजे इंग्रजीतला 'मसल' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाही अर्थ छोटा उंदीरच. कातडीखाली काहीतरी सुळकन पळाल्यासारखे दिसते खरे.

धष्टपुष्ट माणूस तिकडे 'दाय-चेक'. दाय म्हणजे मोठा, आणि चेक हा प्राणी मोजताना लावायचा शब्द. आपण 'केवढा थोरला नग' म्हणतो ना, तसेच काहीसे. 'दाय-चेक-लोउ', म्हणजे दांडगा गडी, या नावाचा चित्रपटही २००३ साली आला होता. त्यात सडपातळ अँडी लाऊ अंगभर नकली स्नायूंचा पोशाख चढवून वावरला आणि हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार घेऊन गेला! पावडरच्या डब्यासाठी पैसे मागणाऱ्या भाच्याला हे मुद्दाम ऐकवले.

बाकी शब्द थेट स्वयंपाकघरातले. पोटावरचे कप्पे दिसले की चॉकलेटची वडी आठवते. हाडे दिसणारा माणूस म्हणजे 'पाय-क्वात', खाटकाकडची बरगडी. आम्हा बायकांनाही सोडलेले नाही. निरोपाचा हात हलवताना दंडाखाली जे लोंबते, त्याला म्हणतात 'बाय-बाय-युक', टाटा करणारे मांस. हे कळल्यापासून स्टेशनवर मी नुसती मान हलवते.

"आणि माझ्यासारख्याला काय म्हणतात?" भाच्याने हळूच विचारले.

मी जरा घुटमळले. "साउ-मांग-मांग. नाकतोड्यासारखा बारीक."

तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "नाकतोडा उडी तर लांब मारतो की!" आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट अडकवून मैदानावर पळाला.