अंगावर काढलेलं दुखणं कोण मोजणार?

रविवारची वंदना आटोपली की आमच्या वस्तीतल्या विहारात महिला घटकाभर बसतात. मागच्या महिन्यात आम्ही तिथे साधाच प्रश्न विचारला. कंबर दुखते का, अंगावरून पांढरं जातं का, पाळीत जास्त रक्त जातं का? आधी सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एक आजी म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे चालायचंच." त्यानंतर एकेक जण बोलू लागली. डॉक्टरांनी कधी आतून तपासलं का, असं विचारल्यावर मात्र बहुतेकींनी नाही म्हणून मान हलवली.

'चालायचंच' याला संशोधनाने केव्हाच उत्तर दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांना त्यांचे त्रास विचारले आणि त्यांची तपासणीही केली. ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा एक तरी आजार निघाला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, हा समज त्याने खोडून काढला. आजार आधीही होते. विचारलं आणि तपासलं, म्हणून ते दिसले.

दुसरं उदाहरण बीडचं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कामाला न गेल्यास खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. मग पाळीचा त्रास नको म्हणून तरुण वयातच गर्भपिशवी काढून टाकण्याचा मार्ग दाखवला जातो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी अकाली कायमची जाते आणि हाडं ठिसूळ होतात. हे त्यांतल्या किती जणींना आधी सांगितलं गेलं असेल?

बीडचा आकडा कळला, कारण मोजणी बीडमध्ये झाली. आपल्या धुळे जिल्ह्यातूनही दरवर्षी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, काही थेट गुजरातेत जातात. त्या बायांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रत्येक जिल्ह्याचा तक्ता निघतो, धुळ्याचाही निघतो. पण त्या तक्त्यात अख्ख्या जिल्ह्याची सरासरी असते. बौद्ध वस्तीतली बाई, भिल्ल पाड्यावरची बाई आणि शहरातल्या बंगल्यातली बाई त्यात एकाच आकड्यात मिसळून जातात. सरासरीत आपलं दुखणं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी निधीही मिळत नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे विषय विहारात नकोत. त्यांना आम्ही आदराने एक आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात आला, तो बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाकडून. ठराव फेटाळला गेला, पण बाबासाहेबांना या विषयाची लाज वाटली नाही. मग आपण का लाजावं?

आमचं म्हणणं असं आहे. धुळ्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि आरोग्य विभागाने आपल्या वस्त्यांत आणि पाड्यांवर स्त्रियांच्या आजारांची पाहणी करावी. विचारणारी आणि तपासणारी स्त्री असावी. बाईची संमती तिच्या भाषेत, समजावून घ्यावी आणि नाव गुप्त राहावं. ज्या आजारी निघतील त्यांच्यावर तिथेच उपचार सुरू व्हावेत. आणि निष्कर्ष पुन्हा वस्तीत येऊन सांगावेत. पाहणीवाले येतात, कागद भरतात आणि परत फिरकत नाहीत, याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. आपण संशोधनाचा कच्चा माल नाही.

पाहणी होईल तेव्हा होईल, भगिनींनो, तोवर थांबू नका. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, किंवा अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिशी ओलांडली असेल तर त्रास नसला तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. कोणी पिशवी काढायला सांगितली तर कारण विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि कागद जपून ठेवा.

दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायला आपण हजारोंनी जमतो. यंदा तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी पडदा लावून महिलांच्या तपासणीची एक जागा असावी, यासाठी आम्ही संयोजकांना भेटणार आहोत. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी येत्या रविवारी विहारात यावं. पुरुषांनीही यावं.