रद्दीत गेलेले आमचे अंक

मुर्ध्यातलं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा माळ्यावरचा एक गठ्ठा मला न विचारता रद्दीत गेला. त्यात आमच्या महिला गटाचे अंक होते. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून घरोघर वाटलेले. पाणी, रेशन, दारू, नवऱ्याचा मार, सगळं त्यात होतं. घरचे म्हणाले, "जुने कागद तर होते!"

जुन्या कागदांचं मोल मला विज्ञानकथेनं शिकवलं. नारळीकरांच्या कथांनी गोडी लागली आणि पुढे फॅनझिनचा इतिहास वाचनात आला. फॅनझिन म्हणजे विज्ञानकथेच्या वेड्या वाचकांनी पदरमोड करून काढलेलं अनियतकालिक. आपल्याकडच्या 'असो', 'वाचा'सारखंच हौसेचं आणि हट्टाचं. १९३० साली शिकागोत निघालेलं 'द कॉमेट' हे पहिलं मानतात. पुढे कित्येक वर्षं तिथे आवाज मोठा तो पुरुषांचाच.

१९७४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनमधून अमँडा बँकियर यांनी 'द विच अँड द कमेलियन' हे स्त्रीवादी फॅनझिन सुरू केलं. १९७५ मध्ये 'खत्रू' या फॅनझिननं विज्ञानकथेतल्या स्त्रियांवर पत्रांतून चर्चा घडवली. जोआना रस, अर्सुला ले ग्विन त्यात होत्या. जेम्स टिपट्री नावाचे एक 'गृहस्थ'ही होते. त्यांचं लेखन पुरुषाचंच, अशी ग्वाही रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकानं त्याच वर्षी दिली होती. पुढे उघड झालं, की त्या ॲलिस शेल्डन! नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली होती. पण पुरुषाला आपलं पुरुषपण लपवावं लागलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हे सारं आज आपल्याला कळतं, कारण कुणीतरी ते अंक जपले. 'खत्रू'ची ती चर्चा १९९३ साली, अठरा वर्षांनी, नव्या टिपणांसह पुन्हा छापली गेली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात असल्या फॅनझिनचे मोठे संग्रह आहेत. कुणी म्हणेल, ते हौशी लोकांचे कागद, आपला तर जगण्याचा लढा. मग हौसेचे कागद जपले जातात आणि लढ्याचे रद्दीत जातात, हे आपण का चालवून घेतो?

आमचा एक अंक राईच्या मैत्रिणीकडे सापडला. कपाटात साड्यांखाली अंथरला होता. शाई फिकी झाली आहे, तरी वाचता येते.

माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक गटानं आपल्या प्रत्येक अंकाच्या, पत्रकाच्या तीन प्रती राखाव्यात. एक गटाकडे, एक जवळच्या ग्रंथालयात, एक दुसऱ्या गावच्या मैत्रिणींकडे. त्यावर तारीख, गाव आणि लिहिणारीचं नाव घालावं. नाव सांगायची भीती असेल तर तेही तसंच लिहून ठेवावं. आपला इतिहास लिहायला उद्या कुणी बसेल, तेव्हा तिच्या हाती निदान कागद तरी असू देत.