सरकारी वकील कोणाचा?



भोकरदन तालुक्यात खटल्यांची गोष्ट निघाली की मी एक वाक्य हमखास ऐकते : "सरकारी वकील आहे ना, मग आपला वेगळा कशाला?" बाईच्या फिर्यादीवर खटला उभा राहतो, पण तो चालवते सरकार. सरकारी वकील तिचा नसतो. आरोपीकडच्यांनी त्यालाच वश केले, तर जालन्याच्या सत्र न्यायालयात तिची बाजू कोण मांडणार?

हे भय पोकळ नाही. २००२ साली बडोद्याच्या बेस्ट बेकरीत १४ जण मारले गेले. २००३ साली सर्व २१ आरोपी सुटले. धमक्यांमुळे साक्ष फिरवल्याचे झाहिरा शेखने सांगितले. सरकारी वकील बचाव पक्षाच्या वकिलासारखा वागला, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००४ रोजी म्हटले आणि फेरखटला महाराष्ट्रात चालवला. २००६ साली मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली; २०१२ साली उच्च न्यायालयाने ४ जणांची कायम ठेवली. मुंबईतही साक्ष फिरवणाऱ्या झाहिराला एक वर्षाची कैद झाली. वकिलावर ताशेरे, बाईला तुरुंग!

अमेरिकेत नागरी हक्क हिरावणाऱ्या अधिकाऱ्यावर १८७१ च्या कायद्याने भरपाईचा दावा लावता येतो. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला मात्र १९७६ च्या निकालाने संरक्षण आहे. तरी १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की न्यायाधीशाला संरक्षण असले तरी त्याच्याशी संगनमत करणाऱ्या खाजगी माणसाला ते मिळत नाही.

आपल्याकडे असा खास कायदा नाही. म्हणून निकालानंतर रडण्यापेक्षा आधीच जागे राहायला हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ नुसार न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. कलम ३६० नुसार पीडितेला ऐकून घेतल्याशिवाय खटला मागे घेता येत नाही. आरोपी सुटला तर कलम ४१३ नुसार तिला स्वतः अपील करता येते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात ज्येष्ठ वकील नेमण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो. पहिल्या तारखेला एकटीने जाऊ नका. आम्हांला कळवा, आपण मिळून जाऊ.